त्यांचा नंबर ग्रुपमधून काढायचा का?

पत्र

ताई, नमस्कार.

माझा मुलगा चार वर्षांपासून सैन्यात आहे. त्याच्या युनिटमधल्या मुलांच्या आईवडिलांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो सुरू केला आम्ही दोन बापांनी, मी आणि माझ्या एका मित्राने. आमची ओळख पासिंग आउट परेडच्या दिवशी झाली. उन्हात शेजारीशेजारी बसलो होतो आणि सारख्या गणवेशातल्या शेकडो मुलांत आपला कोणता, हे दोघांनाही ओळखता येत नव्हतं. तिथे जमलं ते जमलंच. पुढे दोघांची मुलं एकाच युनिटमध्ये गेली. पोराचा फोन लागला नाही की आम्ही एकमेकांना लावायचो.

सात महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा गेला. त्या दिवशी सकाळपासून कुणाच्याच मुलाचा फोन लागत नव्हता. ग्रुपवर सगळे हवालदिल. दुपारी मला लांबच्या ओळखीतून एक मेसेज आला. त्यात ठिकाण होतं, हल्ला झाल्याचं होतं आणि एक आडनाव होतं. 'कुणाला काही कळलंय का?' असं वर लिहून तो मेसेज मी जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. आडनाव माझ्या मित्राचं होतं. तुम्ही विचाराल, वाचलं नव्हतं का? खरं सांगतो ताई, मी फक्त एवढंच पाहिलं की ते आडनाव माझं नाही. सैन्याची माणसं त्यांच्या घरी संध्याकाळी पोचली. तोवर त्यांना माझ्याकडून कळलं होतं.

अंत्यविधीला गेलो, गर्दीत मागे उभा राहिलो. त्यानंतर भेट नाही. माझी बायको दर पंधरा दिवसांनी त्यांच्या पत्नीकडे जाते. मी तिला गाडीने सोडतो आणि ती परत येईपर्यंत खाली गाडीतच बसून राहतो. तास, कधी दीड तास. वर जायला पाय उचलत नाही.

आता ग्रुपवर नवीन विषय निघाला आहे. मुलांच्या रजा, बढत्या, फोटो असे मेसेज येतच असतात. काही जण म्हणतात, 'हे सगळं बघून त्यांना त्रास होत असेल. त्यांचा नंबर हळूच काढून टाका, सांगायचीही गरज नाही.' ॲडमिन मी आहे. पुढच्या महिन्यात माझा मुलगा रजेवर येतोय. काय करू?

एक बाप

उत्तर

नमस्कार.

नंबर काढू नका. तुमचे मित्र स्वतः तसं म्हणेपर्यंत तर नाहीच. हे आधी सांगून टाकते, कारण ग्रुपवरची मंडळी घाईत दिसतात आणि त्यांना उत्तर तुम्हाला द्यायचं आहे. का काढू नये ते पुढे लिहिते. पण तुमच्या पत्रात नंबराबद्दल चारच ओळी आहेत. बाकीचं सगळं पत्र खाली गाडीत बसलेल्या माणसाचं आहे, म्हणून आधी त्याच्याशी बोलते.

माझा भाऊ सैन्यात होता. तो आघाडीवर असताना पेपरात मृतांची यादी आली की माझे वडील ती खालून वर वाचायचे. आमचं आडनाव यादीत शेवटाकडे येणारं, एवढंच त्याचं कारण. ते तिथे नाही हे दिसलं की त्यांचे खांदे सैल पडायचे. मग चष्मा पुसून ते यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घ्यायचे, या वेळी सावकाश, एकेक नाव, एकेकाचं वय. लहानपणी मला वाटायचं, आपलं नाव नाही हे कळल्यावर पुन्हा कशाला वाचतात? बऱ्याच वर्षांनी समजलं की पहिलं वाचन भावासाठी होतं आणि दुसरं त्या मुलांसाठी.

तुम्हीही पहिलं वाचन केलंत. ते प्रत्येक आईबाप करतात, तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने त्या दुपारी केलं असणार, आणि 'माझा नाही' हे कळल्यावर आतून जी सुटका झाली तिच्यात पाप नाही. पोटच्या पोराचा जीव वाचल्याचं ते समाधान आहे, दुसऱ्याचा गेल्याचं नाही. तुमचं दुसरं वाचन राहून गेलं. ते होण्याआधीच बोट फॉरवर्डवर गेलं. या दोन गोष्टींची तुम्ही सात महिने एकच गाठ मारून ठेवली आहे. ती सोडवा, कारण पहिल्या गोष्टीची माफी मागायची नसते आणि दुसरीची मागावी लागते.

मेसेज पुढे पाठवणं ही चूक होती. 'तुम्हाला काय ठाऊक होतं', 'तुम्ही नसता टाकला तर दुसऱ्याने टाकलाच असता' असं घरचे म्हणाले असतील, आणि त्याने तुम्हाला बरं वाटलेलं नाही हे पत्रात दिसतंच आहे. म्हणून मी तसं म्हणत नाही. चूक नेमकी काय होती ते मात्र सांगते. ते समजलं की माफीचे शब्द सापडतील.

एखादा सैनिक मारला गेला किंवा गंभीर जखमी झाला की अनेक सैन्यांत त्या तळावरून घरी होणारे फोन आणि इंटरनेट काही काळ बंद करतात. ब्रिटिश सैन्यात या बंदीला 'ऑपरेशन मिनिमाइज' असं नावच आहे. मुलाबद्दलची बातमी त्याच्या घरच्यांना अधिकृत माणसाने प्रत्यक्ष जाऊन सांगायच्या आधी दुसऱ्या कुठल्या वाटेने पोचू नये, एवढ्यासाठी हे करतात. अमेरिकेत घरच्यांना कळवल्यानंतर २४ तास उलटल्याशिवाय सैन्य मृताचं नाव जाहीर करत नाही. फोन न लागण्याची साधी कारणं पुष्कळ असतात. हवामान असतं, तुकडी हलत असते, किंवा नेटवर्कच नसतं. पण जेव्हा सगळ्यांचे फोन एकदम मुके होतात, तेव्हा कधीकधी शेकडो घरांना घोर लावून एका घराची राखण चाललेली असते. आपल्याला ती शांतता छळते, आणि तीच शांतता कुणाला तरी शेवटचे काही तास सांभाळत असते.

घरी जाऊन सांगायची ही रीत आपोआप आलेली नाही, त्यासाठी कुणाला तरी भांडावं लागलं. नोव्हेंबर १९६५ मध्ये व्हिएतनाममधल्या इया द्रांग खोऱ्यात चार दिवसांत २०० हून अधिक अमेरिकन सैनिक मारले गेले. त्यांतल्या अनेकांची कुटुंबं जॉर्जिया राज्यात, फोर्ट बेनिंग या तळाच्या आसपास राहत होती. इतक्या घरी जाऊन सांगायला सैन्याकडे माणसांची तजवीजच नव्हती, म्हणून मृत्यूच्या तारा टॅक्सीवाल्यांच्या हाती दिल्या. दार वाजायचं, बाहेर अनोळखी चालक, त्याच्या हातात कागद. लढाईत उतरलेल्या एका बटालियनचा प्रमुख हाल मूर याची पत्नी ज्युलिया मूर तिथेच राहत होती. नवरा त्याच लढाईत, म्हणजे तीही तारेच्याच वाटेवर डोळे लावून बसलेली. एकदा टॅक्सी तिच्याच दारात थांबली. चालक दुसऱ्या घराचा पत्ता विचारायला आला होता. त्यानंतर ती काय करू लागली, तर तारा पोचत त्या घरी मागोमाग जाऊ लागली. अंत्यविधींना जाऊन उभी राहू लागली. आणि वरिष्ठांकडे तक्रारी करून तिने हा प्रकार बंद पाडला. तेव्हापासून तिथे बातमी सांगायला गणवेशातला अधिकारी आणि सोबत धर्मगुरू जातात.

मला या हकिकतीत सगळ्यात जास्त दिसतो तो टॅक्सीवाला पत्ता विचारून वळल्यानंतरचा क्षण. 'आपलं दार नाही' असं तिच्याही मनात आलंच असणार. आणि तरी ती त्या दुसऱ्या दाराकडे गेली. तुम्हाला सात महिने उशीर झाला आहे, पण जायचं दार तेच आहे.

आता भेटीबद्दल. पत्नीबरोबर जा. पहिल्या वेळी त्यांना पुढे राहू द्या, त्या घराला त्यांची सवय आहे. पण मित्राशी बोलायचं ते दोघांनीच, बाजूला बसून. थोडंच बोला: 'तो मेसेज मी ग्रुपवर टाकला. तुम्हाला ते असं कळायला नको होतं. माझं चुकलं.' इथे थांबा. पुढे 'पण' येऊ देऊ नका. त्या दिवशी किती घाबरला होतात, मेसेज कुणाकडून आला, हे सांगू नका. सात महिने गाडीत कसे काढलेत हेही आज नको. ते खरं आहे, पण ते तुमचं दुःख आहे, आणि ते ऐकलं की त्यांच्याच घरात त्यांना तुमचं सांत्वन करावं लागेल. 'मला माफ केलंत ना?' असंही विचारू नका. माफी मागून उत्तराची वाट बघत बसलं की ती वसुली होते.

ते चिडतील कदाचित. 'आत्ता आलात?' म्हणतील. 'जा' म्हणाले तर उठा, आणि पंधरा दिवसांनी पत्नी जाईल तेव्हा पुन्हा जा. असंही होईल की त्यांना मेसेज कुणी टाकला होता ते आठवतही नसेल, आणि तुम्ही सात महिने का आला नाहीत याचाच त्यांना उलगडा झाला नसेल. माझा अंदाज विचाराल तर त्यांना मेसेज आठवतो, आणि त्याहून जास्त टोचतं ते तुमचं न येणं. मुलाबरोबर मित्रही गेला, असं त्यांना वाटत असणार.

हे सगळं फोनवर लिहून पाठवायचा मोह होईल. नका करू. ती बातमी ज्या पडद्यावर आली, त्याच पडद्यावर माफी आली तर तिची किंमत राहत नाही. पत्नीच्या हातीही निरोप देऊ नका.

माफी झाल्यावर त्यांच्या मुलाचं नाव घ्या. मूल गमावलेल्या आईबापांसमोर लोक त्या मुलाचं नाव घ्यायचं टाळतात, आठवण होऊन रडू येईल म्हणून. जणू नाव घेतलं नाही तर ते विसरून बसणार आहेत. तुमच्याजवळ चार वर्षांच्या गोष्टी आहेत. परेडच्या दिवशी दोघांनाही आपापला पोरगा सापडत नव्हता, ही केवढी गोष्ट आहे! मग तो सापडला कसा, आधी कुणी ओळखला, तुमच्या मुलाने त्यांच्या मुलाबद्दल फोनवर काय काय सांगितलं, त्याला कुठल्या नावाने हाक मारत असत, हे त्या घरात कुणी बोलत नाही. तुम्ही बोलू शकता.

पत्नीबद्दलही एक विचारायचं आहे. दीड तास वर बसून त्या खाली येतात, गाडीत बसतात, आणि मग तुम्ही काय बोलता? पत्रात ते नाही, म्हणून मला वाटतं की काहीच नाही. सात महिने त्या एका आईचं दुःख वाहून खाली आणताहेत, शिवाय स्वतःच्या मुलाची काळजी आहेच, आणि गाडीतला माणूस किल्ली फिरवतो. तुम्ही सोडायला जाता, थांबता, घेऊन येता, ही तुमची साथ देण्याची तऱ्हा आहे हे मला कळतं, कदाचित त्यांनाही कळतं. पण आज त्यांना विचारा, 'वर काय बोलणं झालं?' आणि तो मेसेज तुम्ही टाकला होता आणि तेच तुमचं मन खातंय, हे त्यांना माहीत आहे का? नसेल तर मित्राला सांगायच्या आधी त्यांना सांगा. घरात दोघांनी दोन खोल्यांत वेगवेगळी भीती बाळगायची, हे सैनिकांच्या आईबापांत फार दिसतं. एकाला बातम्या लावून ठेवाव्याशा वाटतात, दुसऱ्याला टीव्हीचा आवाजही सोसत नाही, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याला काही वाटत नाही. हे एकमेकांना सांगायला कुठलीही शुभ वेळ लागत नाही.

आता ग्रुप.

भाऊ सैन्यात असताना ओळखीच्या चारपाच आया आमच्या घरी जमायच्या. ज्याचं पत्र आलं असेल ते मोठ्याने वाचायचं, एवढाच कार्यक्रम. त्यांतल्या एकीचा मुलगा गेला. काही आठवड्यांनी ती पुन्हा आली. ती दारात दिसताच माझ्या आईने हातातलं पत्र पदराखाली घेतलं. सगळ्या गप्प. ती थोडा वेळ बसली आणि म्हणाली, 'वाचा की. मी ऐकायलाच आले आहे. तो ज्या पोरांबरोबर होता ती कशी आहेत, हे मला दुसरीकडे कुठे कळणार?' मी तेव्हा दाराशी उभी होते. आईने पत्र पुन्हा उलगडलं, पण तिच्या तोंडून शब्द फुटेना, तेव्हा त्या बाईंनी ते हातात घेऊन स्वतः वाचलं.

म्हणून सांगते, त्यांना त्रास होत असेल हे ग्रुपने परस्पर ठरवू नये. सगळ्यांना असं वाटत नाही, हेही खरं. काही जणांना दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो खरोखर सोसत नाहीत, आणि तसं वाटण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मला खटकतं ते 'हळूच' आणि 'सांगायचीही गरज नाही'. एक दिवस ते ग्रुप उघडायला जातील आणि तिथे 'तुम्हाला काढण्यात आलं आहे' एवढंच दिसेल. मूल गेलं, आणि त्याच्यामुळे मिळालेली माणसंही गेली. मनावर दगड ठेवून विचार केलात तर तुमच्याही लक्षात येईल की ग्रुपला जितकी त्यांची काळजी आहे, तितकीच त्यांची भीती आहे. त्यांचं नाव यादीत दिसलं की प्रत्येकाला आठवतं, हे आपल्या घरीही होऊ शकतं.

ज्यांची मुलं आहेत आणि ज्यांची गेली, त्यांच्यामधली ही भिंत जुनी आहे. अमेरिकेत १९१७ पासून घरातलं माणूस सैन्यात असलं की खिडकीत निळ्या ताऱ्याचा झेंडा लावायची पद्धत पडली. माणूस मारला गेला की निळ्यावर सोनेरी तारा शिवायचे. पुढे आयांच्या संघटनाही याच रंगांनी दोन झाल्या. सोनेरी ताऱ्याच्या आयांची १९२८ मध्ये, निळ्या ताऱ्याच्या आयांची १९४२ मध्ये. पहिली सुरू करणाऱ्या ग्रेस सायबोल्ड यांचा मुलगा पहिल्या महायुद्धात वैमानिक होता. १९१८ मध्ये त्याची पत्रं यायची थांबली. तो जखमी होऊन परतलेल्यांत सापडेल या आशेने त्या सैनिकांच्या रुग्णालयांत जाऊन शुश्रूषा करू लागल्या. सापडला नाही, तो मारला गेल्याचं काही आठवड्यांनी कळलं. त्यानंतरही त्या रुग्णालयांत जात राहिल्या, दुसऱ्या आयांच्या जखमी मुलांजवळ बसत राहिल्या, आणि मुलगा गमावलेल्या आयांनाही त्यांनी त्याच कामाला जोडून घेतलं. अशा आईबापांनी वेगळं जमावं याला माझी ना नाही. समदुःखी माणसांजवळ जे बोलता येतं ते तुमच्या ग्रुपवर बोलता येणार नाही. तुमच्या मित्रांना तशी माणसं भेटली तर चांगलंच. पण तिकडे जायचं की इकडे राहायचं, की दोन्हीकडे, हे त्यांना ठरवू द्या.

तेव्हा विचारा. पहिल्या भेटीत नको, ती भेट फक्त माफीची. दुसऱ्यातिसऱ्या वेळी सरळ सांगा: 'ग्रुपवर रजेचे, फोटोंचे मेसेज येतात. नकोसं वाटत असेल तर सांगा. राहावंसं वाटत असेल तर राहा, आम्हाला तुम्ही हवे आहात. पुढे मन बदललं तरी चालेल.' ते राहिले तर ग्रुपला एवढंच सांगा, की फोटो टाकायचे थांबवू नका आणि त्यांनी काही लिहिलं तर गप्प बसू नका. एखाद्याने मुलाची आठवण लिहावी आणि साठ माणसांनी ती वाचून एकानेही उत्तर देऊ नये, यासारखी एकटं पाडणारी दुसरी गोष्ट नाही.

ॲडमिन म्हणून तुम्हाला आणखी एक काम आहे, आणि ते तुमच्याइतकं कळकळीने दुसरं कुणी करणार नाही. ग्रुपवर स्वतः लिहा, की यापुढे कुठल्याही घटनेचा मेसेज, नाव, ठिकाण, व्हिडिओ इथे यायचा नाही. कुणाबद्दल काही सांगायचं असेल तर ते त्याच्या घरच्यांनी सांगितल्यावरच. का, ते सांगायची हिंमत झाली तर सांगा. पण मित्राशी बोलण्याआधी ते ग्रुपवर लिहू नका. मुलांनी पाठवलेले फोटोही बघून टाकत जा. मागे दिसणारा डोंगर, वाहनाचा क्रमांक, 'उद्या इथून निघणार' अशी ओळ, यांतून नको त्याला नको ते कळतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने जगभरातल्या वापरकर्त्यांच्या धावण्याचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की त्यात दुर्गम भागांतले लष्करी तळ उजळलेले दिसतात. सैनिक तळाभोवती धावत होते, एवढ्यावरून. एका आईने कौतुकाने टाकलेला फोटो याहून वेगळा नसतो.

मग ग्रुपवर उरेल काय, असं कुणीतरी विचारेलच. 'याचा फोन आला, माझ्याचा का नाही' ही तुलना कमी झाली तर पुष्कळ उरेल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना एक छापील कार्ड मिळायचं. त्यावर 'मी ठीक आहे', 'मी रुग्णालयात आहे', 'तुमचं पत्र मिळालं' अशी तयार वाक्यं. नको ती खोडायची, खाली सही आणि तारीख. जास्तीचा एक शब्द लिहिला तर कार्ड नष्ट केलं जाईल अशी ताकीद वर छापलेली. आया ती कार्डं जपून ठेवत. आपल्या मुलांचे तीस सेकंदांचे फोन त्या कार्डांसारखेच असतात. 'ठीक आहे, जेवलो, ठेवतो.' त्यात मुलगा तुटक बोलला, रागावला, लपवतोय, असं शोधत बसू नये. कुणी रात्री ग्रुपवर लिहिलं की आज फोन लागला नाही, तर 'काही नाही हो, नेटवर्क नसेल' असं पटकन लिहून मोकळं होऊ नका. तुम्हाला तरी कुठे माहीत आहे? 'माझाही लागला नाही. मी जागा आहे, बोलायचं असेल तर फोन करा' हे लिहा. तुम्ही दोघे मित्र सुरुवातीला हेच तर करत होता.

शेवटी तुमचा मुलगा. त्याच्याबद्दल पत्रात जवळजवळ एवढंच आहे, की तो रजेवर येतोय. त्याचाही मित्र गेला आहे. एकाच युनिटमध्ये होते, म्हणजे त्याने जे पाहिलं असेल ते तुम्ही किंवा तुमच्या मित्रांनी कुणीच पाहिलेलं नाही. सात महिन्यांनी तो घरी येईल तेव्हा लगेच त्याला त्या घरी घेऊन जाऊ नका, आणि तुमच्या वतीने जायला तर मुळीच लावू नका. आधी विचारा, त्याला जायचं आहे का. त्या आईवडिलांना त्याच्याकडून ऐकायचं खूप असेल, पण काय सांगायचं, किती सांगायचं आणि काय कधीच सांगायचं नाही, हे त्याचं तो ठरवेल. तो नको म्हणाला तर त्याला काही वाटत नाही असा अर्थ काढू नका. आल्यावर तो झोपत नसेल, दारूकडे वळला असेल, कशातच रस घेत नसेल, तर या रजेत तुमची गरज आधी त्याला आहे. युनिटच्या डॉक्टरांशी बोलायला त्याला धीर द्या.

आणि तो येतोय हे तुमच्या मित्रांना ग्रुपवरून कळू देऊ नका. एकदा त्यांना तुमच्याकडची बातमी तिथून कळली आहे. या वेळी वर जाऊन सांगा.

भेट कशी झाली ते मला कळवा. ते पत्र छापणार नाही.

तुमची ताई